एका किरणाचा पत्ता

मराठीत आपण 'किरण' म्हणतो आणि कन्नडातही 'किरण'च म्हणतात. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या घरांना अशा सामाईक शब्दांचं अप्रूप नाही. पण सावलीला आजी सावली म्हणते तर अज्जी 'नेरळु' म्हणते, आरशाला 'कन्नडी' आणि उजेडाला 'बेळकु'. आज लिहायचं आहे ते या चार शब्दांविषयीच: किरण, सावली, आरसा आणि उजेड. फरक इतकाच, की हे चारही समईचे किंवा सूर्याचे नाहीत. ते कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे आहेत आणि त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या एका चिपवरून सध्या मोठमोठ्या कंपन्यांत चढाओढ लागली आहे.

घरात कॉलेजला जाणारा मुलगा असेल तर 'रे ट्रेसिंग' हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. गेमच्या जाहिरातीत असतो, लॅपटॉपच्या खोक्यावर असतो, आता तर मोबाइलच्या जाहिरातीतही असतो. शब्दशः म्हणजे किरणाचा माग काढणं. मुलगा सांगतो, "बाबा, याच्यात पाण्यात खरं प्रतिबिंब दिसतं." बाबा म्हणतात, "मग अभ्यासात दिसू दे की." संवाद तिथेच संपतो. तो थोडा पुढे न्यावा म्हणून हा खटाटोप.

आधी जुनी पद्धत. गावातला बोर्ड रंगवणारा पेंटर आठवा. हॉटेलच्या पाटीवर चहाचा कप काढताना तो कपाच्या उजव्या बाजूला पांढरी रेघ मारायचा, की कप चकाकल्यासारखा दिसे. खाली थोडा राखाडी रंग, झाली सावली. दिवा कुठे आहे, उजेड कुठून येतो, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. हात बसलेला होता. कॉम्प्युटर गेम वर्षानुवर्षं असेच रंगवले गेले. प्रत्येक वस्तू म्हणजे बारीक बारीक त्रिकोणांचं जाळं. ते त्रिकोण पडद्यावर आपटायचे, रंग भरायचे आणि चकाकी, सावली, प्रतिबिंब या गोष्टी युक्तीने चिकटवायच्या. भिंतीवरची सावली पुष्कळदा गेम तयार करतानाच काढून ठेवलेली असे. म्हणून खेळात कंदील हलवला तरी सावली जागची हलत नसे. युक्त्या इतक्या सफाईच्या होत्या की कुणाला खटकत नसे.

रे ट्रेसिंग ही युक्ती नाही, हिशेब आहे. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यातून एक किरण चित्रातल्या जगात सोडायचा. तो पहिल्यांदा कशाला धडकतो ते पाहायचं. तांब्याला धडकला तर तिथून उसळून कुठे जातो, पाण्यात शिरला तर किती वाकतो, आणि धडकल्या जागेवरून दिव्यापर्यंतची वाट मोकळी आहे की मध्ये खांब आहे, हे तपासायचं. वाट मोकळी असेल तर उजेड, नसेल तर सावली. बस्स. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातले परावर्तन आणि अपवर्तनाचे नियमच इथे कामाला लागतात.

एक गंमत लक्षात घ्या. हा किरण उलटा चालतो. खरा उजेड दिव्याकडून डोळ्याकडे येतो, इथे किरण डोळ्याकडून दिव्याकडे जातो. कारण साधं आहे. दिव्यातून निघणाऱ्या अगणित किरणांपैकी आपल्या डोळ्यांत शिरतात ते फार थोडे. बाकीच्यांचा हिशेब कशाला करा? जे डोळ्याला लागतात तेवढेच मागे मागे शोधत जा. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ मध्ये काढलेल्या एका चित्रात दोन माणसं दोरी ताणून एका तंतुवाद्याचा आकार कागदावर उतरवताना दिसतात. दोरीचं एक टोक भिंतीतल्या कडीतून, म्हणजे डोळ्याच्या जागेतून, आणि दुसरं वाद्यावर. कल्पना तीच.

कॉम्प्युटरवर हे काम आयबीएमच्या आर्थर ॲपेल यांनी १९६८ मध्ये मांडलं. मग बेल लॅबमधल्या टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये छापलेल्या शोधनिबंधात किरण उसळत आणि वाकत पुढे जाऊ दिला. त्यांचं चित्र या विषयात प्रसिद्ध आहे: चौकडीच्या फरशीवर तरंगणारे दोन गोळे, एक काचेसारखा, एक आरशासारखा. ते एक चित्र काढायला त्या वेळच्या व्हॅक्स कॉम्प्युटरला ७४ मिनिटं लागली. एका चित्राला सव्वा तास. सिनेमावाल्यांना हे परवडतं, कारण प्रेक्षक थिएटरात यायच्या आधी वर्षभर मशिनी चालवता येतात. २००६ च्या 'कार्स' या सिनेमात मोटारींच्या पत्र्यावरची प्रतिबिंबं पिक्सारने अशीच काढली. पण खेळणारा मुलगा थांबत नाही. त्याने बटण दाबलं की सेकंदाच्या साठाव्या भागात नवं चित्र हवं.

आता थोडं गणित. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. सेकंदाला साठ चित्रं. प्रत्येक ठिपक्याला फक्त एकच किरण दिला तरी सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांवर किरण झाले. त्यात प्रत्येक किरणाने समोरच्या लाखो त्रिकोणांपैकी आपण कोणाला धडकलो हे शोधायचं. एकेक तपासत बसलं तर आयुष्य जाईल.

इथे मला तिगाव आठवतं.

तिगाव कुठे, असं आपल्याकडे बहुतेकांनी विचारलं आहे. माझी धाकटी बहीण तिथे दिली आहे, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेवर काटोल, नरखेड, पांढुर्णा आणि मग तिगाव. त्याच्या पुढे घाट चढतो. राज्य मध्य प्रदेश, भाषा मराठी. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याच दिवशी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. म्हणजे बहीण एका सीमेवरून निघून दुसऱ्या सीमेवर नांदते. आपण दुकानाच्या पाटीवर कन्नड वाचतो, ती हिंदी वाचते. घरात दोघं मराठीच. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, म्हणून पत्त्यातली एक ओळ तेवढी बदलली.

आणि पत्ता हाच मुद्दा आहे. मी इथून तिगावला मनीऑर्डर पाठवली तर पोस्ट खातं देशातलं प्रत्येक घर ठोठावत नाही. आधी राज्य पाहतं. बाकीची राज्यं एका झटक्यात बाद. मग जिल्हा, मग तहसील, मग गाव, मग घर. पाच-सहा प्रश्नांत कोट्यवधी घरांतून एक घर सापडतं. किरणाचंही तेच करतात. चित्रातल्या सगळ्या वस्तू एका मोठ्या खोक्यात, त्यात लहान खोकी, त्यात आणखी लहान. किरण मोठ्या खोक्याला लागतच नसेल तर आतल्या हजारो त्रिकोणांकडे बघायचंच नाही. नव्या ग्राफिक्स चिपमध्ये 'किरण खोक्याला लागला का, त्रिकोणाला लागला का' एवढंच विचारणारा वेगळा विभाग कोरलेला असतो. दुसरं काही त्याला येत नाही. सॉर्टिंगला बसलेला पोस्टमन म्हणा ना.

हा विभाग घरगुती कार्डात पहिल्यांदा आणला एन्व्हिडियाने, २०१८ च्या सप्टेंबरात आलेल्या आरटीएक्स २०८० या कार्डापासून. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'बॅटलफील्ड ५' या युद्धाच्या गेममध्ये मोटारींच्या टपावर आणि डबक्यांत आगीचे लोळ खरे दिसू लागले. गेमचा वेग मात्र चांगलाच घसरला. मग त्यावर उपाय निघाले. किरण कमी सोडायचे, चित्र दाणेदार येतं ते गणिताने गुळगुळीत करायचं, आणि लहान चित्र काढून ते अंदाजाने मोठं करायचं. म्हणजे हिशेबाच्या मागून युक्ती पुन्हा घरात शिरलीच! २०२० च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ आणि नवा एक्सबॉक्स आला, त्यांत एएमडीची चिप, तिलाही किरण मोजता येत होते. २०२२ नंतर महागड्या मोबाइलमध्येही हे आलं.

खरं सांगायचं तर धावत्या गेममध्ये डबक्यातलं प्रतिबिंब किती जण थांबून बघतात याबद्दल मला शंकाच आहे. मागून गोळ्या येत असताना डबक्यात कोण बघतो? पण घराचा नकाशा पास व्हायच्या आधी दिवाणखान्यात दुपारी चारला ऊन कुठपर्यंत येईल हे गिऱ्हाइकाला दाखवायचं असेल, तर हेच तंत्र लागतं. खेळाच्या निमित्ताने चिप स्वस्त होते आणि काम त्यावर दुसरेच लोक करतात.

तिगावच्या घरातला वाद नेमका इथे होता. भाचा नागपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ब्लेंडर नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शिकतो आहे. त्याने आजीची पितळी समई, मागे भिंत, खाली सारवलेली जमीन, असं एक चित्र जुन्या लॅपटॉपवर तयार केलं. संध्याकाळी बटण दाबून ठेवलं. रात्री मध्येच वीज गेली, पहाटे पुन्हा लावलं. दुपारी चित्र झालं. मी दिवाळीत गेलो तेव्हा त्याने ते दाखवलं. समईच्या कडेवर ज्योतीचा इवलासा ठिपका होता आणि पाचही वातींच्या सावल्या वेगवेगळ्या बाजूला फिकट होत गेल्या होत्या. बहिणीने बघितलं आणि एवढंच म्हणाली, "आत्याबाईंच्या हातची वाटते." सासू जाऊन तिला तीन वर्षं झाली आहेत.

त्याला आता ग्राफिक्स कार्ड हवं होतं. पंचवीस-तीस हजारांच्या घरातलं. दाजींची संत्र्याची बाग आहे, आंबिया बहाराचे पैसे नुकतेच हातात आले होते आणि त्या पैशांवर ठिबकच्या नव्या नळ्यांचा हक्क आधी लागलेला होता. दाजी तसे शांत आहेत. मला म्हणाले, "तुम्ही शिकलेसवरलेले आहात, तुम्हीच सांगा. हे काम आहे की खेळणं?" बहीण म्हणाली, "दादा, त्याला नाही म्हणायचं तर तूच म्हण, आम्हाला ते नीट सांगता येत नाही." पूर्वी एकदा त्याने साठवलेल्या पैशांतून नागपुरातल्या एका दुकानातून जुनं कार्ड आणलं होतं, ते दोन महिन्यांत बंद पडलं आणि दुकानदाराने हात वर केले. त्यामुळे घरात या वस्तूची पत मुळातच घसरलेली होती.

मी अर्थशास्त्राचा मास्तर. चिपपेक्षा मला चिपचा बाजार जास्त कळतो, आणि या बाजाराची कथा वर्गात सांगावी अशी आहे.

१९९० च्या दशकात आपल्याकडे पहिले असेंबल्ड कॉम्प्युटर आले तेव्हा डिस्प्ले कार्डावर ट्रायडेंट, एस३, सिरस लॉजिक, मॅट्रॉक्स अशी कितीतरी नावं असत. दुकानदार जे देईल ते आपण घेत होतो. मग ३डीएफएक्सचं व्हूडू आलं, गाजलं आणि २००० च्या डिसेंबरात त्या कंपनीची मालमत्ता एन्व्हिडियाने घेतली. २००६ मध्ये एटीआय ही कंपनी एएमडीने विकत घेतली. तेव्हापासून गेम खेळण्याजोगं सुटं कार्ड म्हटलं की दोनच नावं उरली. दोनच दुकानं असलेल्या गावात भाजीचे भाव कसे असतात हे अर्थशास्त्र न शिकलेल्या गृहिणीलाही कळतं.

२०२०-२१ मध्ये तर कहर झाला. लॉकडाऊनमुळे घरी बसलेली मुलं आणि त्याच कार्डांवर इथेरियमसारखं आभासी चलन 'खणणारे' लोक, दोघंही एकाच मालावर तुटून पडले. २०२१ च्या फेब्रुवारीत ३२९ डॉलर या जाहीर किमतीला निघालेलं आरटीएक्स ३०६० त्या भावाला प्रत्यक्षात मिळेना. रात्रंदिवस राबवलेली जुनी कार्डं पुढे पुसूनबिसून बाजारात आली. असलीच एखादी भाच्याच्या गळ्यात पडली असावी.

या दोघांच्या बाजारात तिसरा उतरला तो इंटेल. प्रोसेसरमधला जुना धनको, पण ग्राफिक्स कार्डात दोनदा आपटलेला. १९९८ मध्ये आय७४० नावाची चिप आणली, ती टिकली नाही. 'लाराबी' नावाचा बेत २००९ च्या डिसेंबरात गुंडाळला. तिसऱ्या वेळेला २०१७ च्या नोव्हेंबरात त्यांनी एएमडीतून राजा कोडुरी यांना आणलं. कोडुरी हे आंध्रातल्या कोव्वुरचे, खरगपूर आयआयटीत शिकलेले, ग्राफिक्सच्या जगात मोठं नाव. आणि इथे आपल्या कर्नाटकाचा संबंध येतो. २०१९ च्या डिसेंबरात इंटेलच्या बेंगळुरूच्या लोकांनी एका प्रचंड ग्राफिक्स चिपचा महत्त्वाचा टप्पा गाठला. भारतात आखलेली सर्वांत मोठी चिप म्हणून कोडुरींनी तिचं कौतुक केलं आणि तिथल्या मंडळींनी तिला टोपणनाव दिलं होतं, सगळ्यांचा 'बाप'. दुर्दैव असं, की २०२१ मध्ये ती बाजारात आणायची नाही असं ठरलं. तिच्यातून शिकलेलं पुढच्या चिप्सना उपयोगी पडलं, पण बाप काही दुकानात आला नाही.

दुकानात आली ती 'आर्क' कार्डं. १२ ऑक्टोबर २०२२ ला आर्क ए७७० आणि ए७५० निघाली, ए७७० ची किंमत ३२९ डॉलरपासून. मुहूर्त पाहा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने कार्डांवर चलन खणण्याची पद्धतच बंद केली, म्हणजे टंचाई संपल्यावर महिन्याभरात हे हजर. दुष्काळ सरल्यावर टँकर यावा तसं.

या कार्डाची परीक्षा झाली तेव्हा जे दिसलं ते मला फार बोलकं वाटतं. नव्या पद्धतीच्या कामात, म्हणजे किरण मोजण्यात, नवखं कार्ड त्याच किमतीच्या एन्व्हिडियाच्या कार्डाच्या बरोबरीने चाललं, एएमडीच्या तशाच कार्डांच्या पुष्कळदा पुढे गेलं. आणि जुन्या, सोप्या गेममध्ये अडखळलं. 'काउंटर स्ट्राइक'सारखा, सायबर कॅफेत पोरांनी वर्षानुवर्षं खेळलेला गेम त्यावर धड पळेना. असं उलटं का व्हावं? कारण जुने गेम चालवणं हे चिपचं काम जितकं, त्याहून अधिक ड्रायव्हर नावाच्या सॉफ्टवेअरचं काम. प्रस्थापितांनी वीस वर्षं एकेका गेमची खोड ओळखून त्यात ठिगळं लावली आहेत. जुन्या किराणा दुकानदाराला कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी कधी फिटते हे पाठ असतं, तसं. नव्या दुकानदाराकडे माल चांगला असला तरी ती वही नसते. रे ट्रेसिंगमध्ये मात्र वही सगळ्यांचीच कोरी होती. इंटेलने पुढच्या महिन्यांत ड्रायव्हर सुधारत नेले आणि २०२३ च्या सुरुवातीला जुन्या गेमचा वेग बराच वाढला. कोडुरी मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनी सोडून गेले.

दुसरी पिढी २०२४ च्या डिसेंबरात आली. आर्क बी५८०, किंमत २४९ डॉलर, १२ जीबी मेमरी. समोर एन्व्हिडियाचं २०२३ मधलं आरटीएक्स ४०६०, २९९ डॉलर आणि ८ जीबी. परीक्षण करणाऱ्यांनी या वेळी मनापासून वाखाणलं आणि पहिला माल हातोहात संपला. म्हणून बाजार बदलला का? नाही. २०२५ च्या पूर्वार्धात सुट्या कार्डांच्या विक्रीत एन्व्हिडियाचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर होता, उरलेलं जवळजवळ सगळं एएमडीचं. आणि १८ सप्टेंबर २०२५ ला एन्व्हिडियाने जाहीर केलं की ती इंटेलमध्येच पाच अब्ज डॉलर गुंतवणार आणि दोघं मिळून काही चिप्स करणार. आव्हान देणाऱ्याच्या दुकानात प्रस्थापिताचं भांडवल! माझे कान टवकारले ते तेव्हा. दोघांनी हात मिळवला की गिऱ्हाइकाने पाकीट सांभाळावं, एवढं तरी आमचं शास्त्र सांगतं.

भाच्याला यातली बरीच माहिती होती, माझ्याहून अधिकच. त्याला ठाऊक नव्हती ती पुण्याची गोष्ट.

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली. विजय भटकर तिचे प्रमुख, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, नागपुरात इंजिनिअर झालेले; म्हणजे तिगावच्या शेजारचेच. अमेरिका बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेला हवा तो सुपरकॉम्प्युटर देईना, तेव्हा यांनी १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच संस्थेने सामान्य पीसीमध्ये खोचायचं एक कार्ड केलं होतं, 'जिस्ट' नावाचं. मूळ काम कानपूर आयआयटीतलं. तेव्हाच्या डॉस कॉम्प्युटरला इंग्रजीपलीकडे अक्षर काढता येत नव्हतं. हे कार्ड खोचलं की पडद्यावर देवनागरी उमटे. आणि आपल्या घरांनी कान देऊन ऐकावं असं पुढे आहे: बहुतेक भारतीय लिप्यांना मिळून एकच संकेत ठरवलेला होता, ज्याचं १९९१ मध्ये भारतीय मानक झालं. त्यामुळे देवनागरीत टाइप केलेलं नाव लिपी बदलताच त्याच जागी कन्नडात दिसे. 'कुलकर्णी' इकडूनही कुलकर्णी आणि तिकडूनही. ज्या काळात इथे पाट्यांवरून डोकी फुटत होती, त्या काळात पुण्यात एका कार्डाला दोन्ही लिप्या सारख्याच होत्या.

ते कार्ड आज कुणाकडे नाही. विंडोज आणि युनिकोड आल्यावर अक्षर काढणं हे सॉफ्टवेअरचं काम झालं आणि कार्डाची गरज संपली. साउंड कार्डाचंही तेच झालं. किरण मोजणाऱ्या कार्डाचंही कदाचित तेच होईल, कारण २०२३ च्या डिसेंबरात आलेल्या इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये आर्कचा किरण मोजणारा विभाग लहान प्रमाणात आतच बसवलेला आहे, आणि एएमडीने ते २०२२ मध्येच केलं होतं.

भाच्याने विचारलं, "मामा, मग आपण आता असं कार्ड काहून नाही बनवत?" प्रश्न सरळ आहे, उत्तर तितकं सरळ नाही. आपली मुलं ते बनवतातच. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडून दर वर्षी इंजिनिअर होऊन जी मुलं पुण्याला आणि बेंगळुरूला जातात, त्यांतली काही याच कामात आहेत. एन्व्हिडियाची पुण्यातही कचेरी आहे आणि बेंगळुरूतही. एएमडीने २०२३ च्या नोव्हेंबरात बेंगळुरूत आपलं जगातलं सर्वांत मोठं आरेखन केंद्र उघडलं. म्हणजे तिन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या चिपवर आपल्याच गल्लीतली मुलं समोरासमोर बसून काम करतात. छापली जाते ती मुख्यतः तैवानात. नाव आणि नफा अमेरिकेत. आणि पुण्याच्या सी-डॅकने २०२० मध्ये उभा केलेला, त्या नोव्हेंबरात जगात ६३ वा आलेला 'परम सिद्धी-एआय' चालतो तोही एन्व्हिडियाच्या चिपवर. चीनने 'मूर थ्रेड्स'सारखी आपली कार्डं काढली आहेत, ती अजून मागे आहेत, पण त्यांचं नाव त्यांच्याच कार्डावर आहे. डोकी असूनही आपलं कार्ड का नाही, याचं उत्तर मी अर्थशास्त्रातच शोधतो: दोनदा आपटून तिसऱ्यांदा पैसे घालण्याची ताकद इंटेलमध्ये होती. आपल्याकडे पहिल्या अपयशालाच चौकशी समिती बसते.

शेवटी दाजींच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं. काम की खेळणं? मी म्हटलं, दोन्ही, आणि त्यात वाईट काही नाही. ट्रॅक्टरवर बसून पोरगं पहिल्यांदा खेळतंच. फक्त हिशेब पाहू. ब्लेंडरला आर्क कार्ड २०२२ पासून चालतं, तेव्हा नवख्या कंपनीचं घेतलं म्हणून त्याचं काम अडणार नाही. तेवढ्याच पैशांत मेमरी जास्त मिळते आणि मोठ्या चित्राला तीच लागते. पण विजेचं बघावं लागेल. बी५८० ला १९० वॅट लागतात, ४०६० ला ११५. तिगावच्या विजेला आणि घरच्या इन्व्हर्टरला हा फरक कळेल. पीसीतला स्वस्तातला एसएमपीएस बदलावा लागला तर ते पैसे वेगळे. आणि सर्वांत मोठी अट म्हणजे मदरबोर्ड. या कार्डांना 'रिसायझेबल बार' नावाची सोय असलेला बोर्ड लागतो, नाहीतर वेग फार पडतो. जुन्या बोर्डात ती नसते.

भाच्याचा पीसी त्याच्या काकांच्या ऑफिसातून मोडीत निघालेला, २०१६ सालचा. त्याने तिथेच बॉक्स उघडून बोर्डाचा नंबर पाहिला, मोबाइलवर शोधलं आणि गप्प बसला. सोय नव्हती. म्हणजे कार्डाबरोबर बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच आलं, खर्च दुपटीच्या वर. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी बहिणीकडे.

मग दाजींनीच मार्ग काढला. या वर्षी ठिबक. पोराने तोवर जुन्याच लॅपटॉपवर रात्री काम लावावं, वीज जाते म्हणून लॅपटॉपची बॅटरी मात्र नवीन घेऊ, ती आजच. पुढच्या बहाराला भाव बरा मिळाला तर पूर्ण मशीन. भाच्याने कुरकुर केली नाही. त्याने वडिलांकडून बागेचं माप मागून घेतलं, दोन झाडांतलं अंतर, ओळींतलं अंतर, बांध कुठे, विहीर कुठे. म्हणाला, बाग काढतो, सकाळच्या उन्हातली. दाजी आधी हसले, मग म्हणाले, "विहिरीवर आंब्याची सावली पडते सकाळी. ती विसरू नको."